पाटीपासून निकषापर्यंत : व्हिएन्नातील नगररचनाकार एव्हा काइल यांच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

शहराच्या कारभारात एखाद्या विषयासाठी स्वतंत्र कक्ष उघडला, त्याला प्रमुख नेमला आणि दारावर पाटी लागली, की तो विषय मार्गी लागला असे समजण्याची रीत आहे. त्या कक्षाकडे कोणती कागदपत्रे येतात, ती निर्णयाच्या आधी येतात की निर्णय झाल्यावर केवळ माहितीसाठी येतात, आणि कक्षाने प्रतिकूल अभिप्राय दिला तर कोणाचे काय अडते, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे नगररचनाकार एव्हा काइल यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभापासून जे काम केले, ते नेमक्या याच प्रश्नांच्या उजेडात तपासण्यासारखे आहे. त्या कामाची ओळख बहुधा स्त्री वास्तुविशारदांनी आखलेली वसाहत, मुलींना सामावून घेणारी उद्याने आणि रुंद केलेले पदपथ यांच्या छायाचित्रांमधून करून दिली जाते. प्रस्तुत अभ्यासाचा रोख त्या बांधकामांइतकाच त्यांच्यामागच्या प्रशासकीय हालचालींवर आहे, कारण काइल यांच्या कारकिर्दीतील सर्वांत परिणामकारक निर्णय एखाद्या इमारतीविषयीचा नसून आपण स्वतः प्रशासनाच्या कोणत्या खात्यात बसावे याविषयीचा होता, असे माझे मत आहे.

पार्श्वभूमी

व्हिएन्ना हे एकाच वेळी शहरही आहे आणि ऑस्ट्रियातील एक प्रांतही. त्यामुळे जमिनीचा वापर, बांधकामाचे नियम आणि गृहनिर्माणाचे अनुदान या तिन्ही गोष्टींवर तेथील नगर प्रशासनाचा असलेला ताबा इतर अनेक शहरांना दुर्मीळ वाटावा असा आहे. सार्वजनिक गृहनिर्माणाची परंपराही जुनी आहे. १९२३ ते १९३४ या काळात समाजवादी नगर प्रशासनाने साठ हजारांहून अधिक घरे बांधली आणि त्यांपैकी अनेक वसाहतींत सामुदायिक धुलाईघरे व बालवाड्या यांची सोय केली. आजही शहराचे सुमारे निम्मे रहिवासी नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. या तपशिलाला पुढे फार महत्त्व येणार आहे, कारण जिथे घरबांधणीचा पैसा शहराच्या हातून जातो, तिथे त्या पैशाला अटी जोडता येतात.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत व्हिएन्नाची लोकसंख्या घटत आलेली होती. १९८९ मध्ये पूर्व युरोपच्या सीमा खुल्या झाल्या, पाठोपाठ युगोस्लाव्हियात युद्धे पेटली आणि शहराची लोकसंख्या पुन्हा वाढू लागली. डॅन्यूब नदीच्या पलीकडच्या मोकळ्या जमिनींवर नव्या वसाहतींची आखणी सुरू झाली. शहर जेव्हा वाढत नसते तेव्हा नगररचनेत नव्या विचाराला जागा मिळणे कठीण असते, कारण सगळे आधीच बांधून झालेले असते. काइल यांना वाढीचा काळ लाभला, ही गोष्ट त्यांच्या यशाचे श्रेय वाटताना विसरता येत नाही.

त्या काळचे वाहतूक नियोजन मोटारीने होणाऱ्या प्रवासाभोवती, आणि त्यातही घर ते कामाचे ठिकाण या सरळ रेषेतल्या प्रवासाभोवती, फिरत होते. पायी चालणे हा मोजण्याजोगा प्रवास आहे असे फारसे कोणी मानत नव्हते. पुढे आकडे लिंगानुसार वेगळे काढून पाहिले, तेव्हा मोटारीने होणाऱ्या प्रवासांपैकी सुमारे दोन तृतीयांश पुरुषांचे आणि पायी होणाऱ्या प्रवासांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांचे असल्याचे दिसून आले. मुलाला बालवाडीत सोडून, वाटेत औषध घेऊन, ट्रामने अर्धवेळ नोकरीला जाणारी आणि परतताना वृद्ध आईकडे डोकावून भाजी घेऊन घरी येणारी स्त्री दिवसभरात कितीतरी तुकड्यांत प्रवास करते. तिच्या या प्रवासाची नोंद ठेवण्यासाठी नियोजनाच्या तक्त्यांत रकानाच नव्हता. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी तरतूद नाही, हा कारभाराचा साधा नियम येथेही लागू झाला होता.

प्रदर्शन आणि पहिले कार्यालय

व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात नगर आणि प्रादेशिक नियोजनाचे शिक्षण घेतलेल्या काइल या वेळी नगर प्रशासनात काम करीत होत्या. १९९१ मध्ये त्यांनी आपल्या सहकारी युटा क्लेडॉर्फर यांच्यासह एक छायाचित्र प्रदर्शन भरवले. सार्वजनिक जागा कोणाची, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता आणि शहरातील स्त्रियांचे रोजचे जीवन हा त्याचा विषय होता. वेगवेगळ्या वयाच्या आणि परिस्थितीच्या आठ स्त्रिया व मुली दिवसभरात शहरातून कशा वावरतात, कुठे थांबतात, कुठे अडखळतात, याचा छायाचित्रांतून घेतलेला तो मागोवा होता. वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणी यांनी त्याची दखल घेतली आणि सुमारे चार हजार लोकांनी ते पाहिले.

येथे थोडे थांबावेसे वाटते. प्रशासनातील अधिकारी एखाद्या नव्या विषयाला हात घालताना प्रथम अहवाल लिहितो, कारण अहवाल लिहिणे सुरक्षित असते. अहवाल वरिष्ठांकडे जातो आणि बहुतेक वेळा तिथेच राहतो. काइल आणि क्लेडॉर्फर यांनी प्रदर्शन भरवून तोच विषय थेट नागरिकांसमोर आणि पर्यायाने निवडून आलेल्या प्रतिनिधींसमोर ठेवला. शिवाय छायाचित्रांत मागणी नव्हती, केवळ वस्तुस्थिती होती. ट्रामच्या उंच पायरीशी बाबागाडी घेऊन उभ्या राहणाऱ्या स्त्रीपुढे वैचारिक वाद घालणे कोणत्याही पक्षाच्या नगरसेवकाला अवघडच जाणार.

पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, नगर प्रशासनात महिला कार्यालय स्थापन झाले आणि काइल त्याच्या पहिल्या प्रमुख झाल्या. राष्ट्रीय पातळीवरही वातावरण अनुकूल होते, कारण योहाना डोनाल या त्या वेळी संघराज्य सरकारात महिला विषयाच्या मंत्री होत्या. मात्र महिला कार्यालय हे इतर खात्यांच्या बाहेर उभे होते. त्याला बोलण्याचा अधिकार होता, पण रस्ते, गृहनिर्माण आणि उद्याने यांचे आराखडे मंजूर करण्याचा नव्हता. अशा कार्यालयाला स्वतःचे काहीतरी प्रत्यक्ष उभे करून दाखविल्याशिवाय वजन येत नाही, हे ओळखून काइल यांनी वसाहतीचा प्रकल्प हाती घेतला.

फ्लोरिड्सडॉर्फची वसाहत

डॅन्यूबच्या उत्तरेकडील फ्लोरिड्सडॉर्फ या एकविसाव्या प्रभागात ‘फ्राउएन-वेर्क-श्टाट’ (शब्दशः ‘स्त्री-काम-शहर’) या नावाने ही वसाहत उभी राहिली. तिची स्पर्धा केवळ स्त्री वास्तुविशारदांसाठी होती. फ्रान्झिस्का उलमान यांचा एकूण आराखडा निवडला गेला आणि त्यांच्यासह एल्सा प्रोहास्का, गिझेला पोड्रेका व लिझेलोटे पेरेट्टी यांनी इमारती रेखाटल्या. १९९७ मध्ये पूर्ण झालेल्या या वसाहतीत ३५७ घरे आहेत. तिला ऑस्ट्रियाच्या आद्य स्त्री वास्तुविशारदांपैकी एक असलेल्या मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की यांचे नाव देण्यात आले. १९२६ च्या सुमारास फ्रँकफर्टच्या सार्वजनिक घरांसाठी आटोपशीर, श्रम वाचविणारे स्वयंपाकघर आखल्याबद्दल त्या ओळखल्या जातात, आणि नाझी राजवटीला विरोध केल्याबद्दल त्यांनी तुरुंगवासही भोगला होता. वसाहत पूर्ण झाली तेव्हा वयाच्या शंभरीत असलेल्या शुटे-लिहोट्स्की हयात होत्या.

या वसाहतीचे वैशिष्ट्य तिच्या दर्शनी भागात शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. ते आहे आखणीमागच्या प्रश्नांच्या क्रमात. नेहमीच्या पद्धतीत भूखंडावर जास्तीत जास्त घरे कशी बसतील येथपासून सुरुवात होते आणि बाबागाडी कुठे ठेवायची हा प्रश्न शेवटी, बहुतेक वेळा रहिवासी राहायला आल्यानंतर, उपस्थित होतो. येथे घरकामाचा आणि सांभाळण्याच्या कामाचा दिवस आधी उलगडून पाहिला गेला. लहान मूल अंगणात खेळत असताना आईला किंवा वडिलांना स्वयंपाकघरातून ते दिसावे, म्हणून खिडक्यांची दिशा ठरली. इमारतींची उंची इतकीच ठेवली गेली की घरातून खालच्या माणसाचा चेहरा ओळखता यावा आणि हाक ऐकू जावी. जिने रुंद आणि नैसर्गिक उजेडाचे केले गेले, जेणेकरून शेजाऱ्यांना तिथे दोन शब्द बोलायला थांबता यावे आणि रात्री एकटीने चढताना भीती वाटू नये. बाबागाड्या आणि सायकली ठेवण्याची सोय हाताशी दिली गेली. खोल्यांच्या आकारात फार फरक न ठेवल्यामुळे कुटुंब बदलले की खोल्यांचा वापरही बदलता येऊ लागला. आज जी मुलांची खोली आहे ती उद्या वृद्ध सासऱ्यांची किंवा घरून काम करणाऱ्या मुलीची होऊ शकते. वसाहतीतच बालवाडी आली, दवाखाना आला आणि ट्रामचा मार्गही चालण्याच्या अंतरावर राहिला.

यांतील एकही गोष्ट स्थापत्यशास्त्राला नवीन नाही. खिडकीची दिशा बदलायला वेगळे तंत्रज्ञान लागत नाही. नवीन होते ते एवढेच, की या सर्व बाबी एकत्र, आधीच आणि लेखी स्वरूपात मागितल्या गेल्या. नंतरच्या घडामोडींची किल्ली या लेखी मागणीत आहे.

पथदर्शी प्रकल्पाचा सापळा

वसाहत गाजली, अभ्यागत येऊ लागले, देशोदेशींच्या नियतकालिकांत तिच्यावर लेख आले. अशा वेळी एक धोका उद्भवतो, ज्याची सार्वजनिक सेवेतील प्रत्येकाला कल्पना असते पण त्याविषयी लिहिले क्वचित जाते. यशस्वी पथदर्शी प्रकल्प हा प्रशासनाला सुटकेचा मार्गही देतो. विषय निघाला की त्या प्रकल्पाकडे बोट दाखवता येते आणि उरलेले शहर पूर्वीसारखेच बांधता येते. लाखो घरांच्या शहरात ३५७ घरे म्हणजे प्रमाणाच्या दृष्टीने जवळजवळ काहीच नव्हे.

व्हिएन्नात हा सापळा टळला, त्याचे कारण अनुदानाच्या व्यवस्थेत सापडते. १९९५ पासून मोठ्या अनुदानित गृहप्रकल्पांसाठी विकासकांमध्ये स्पर्धा घेण्याची पद्धत सुरू झाली. शहराच्या ताब्यातील निधी जमीन उपलब्ध करून देतो, विकासक आपल्या वास्तुविशारदासह संपूर्ण प्रस्ताव मांडतात आणि तज्ज्ञांचे मंडळ नियोजनाची गुणवत्ता, खर्च व पर्यावरण या निकषांवर त्यांचे मूल्यमापन करते. २००९ मध्ये सामाजिक शाश्वतता हा चौथा निकष त्यात वाढविण्यात आला. जिंकणाऱ्याला जमीनही मिळते आणि अनुदानही. या मूल्यमापनाच्या प्रक्रियेत काइल यांच्या कार्यालयाला प्रवेश मिळाला आणि तेथील तज्ज्ञ प्रस्तावांची तपासणी दैनंदिन वापराच्या व स्त्रियांच्या गरजांच्या अंगाने करू लागल्या. फ्लोरिड्सडॉर्फसाठी लिहून काढलेल्या अपेक्षा येथे तपासणीच्या मुद्द्यांच्या रूपात उपयोगी पडल्या.

विकासकाच्या बाजूने पाहिल्यास या बदलाचे स्वरूप स्पष्ट होते. स्त्रियांच्या गरजांविषयी त्याची मते काय आहेत, हे कोणी विचारत नव्हते. जिन्यात उजेड नसेल, बाबागाडीची खोली तळघराच्या कोपऱ्यात ढकललेली असेल किंवा अंगणाकडे एकही स्वयंपाकघर उघडत नसेल, तर त्याचा प्रस्ताव स्पर्धेत मागे पडण्याची शक्यता होती, एवढे त्याला पुरेसे होते. काही वर्षांत वास्तुविशारद असे आराखडे आपणहून आणू लागतात, कारण व्यवसायाला सवय लागते. मन वळविण्याच्या प्रयत्नांना मी कमी लेखत नाही, परंतु सार्वजनिक पैशाच्या दारात ठेवलेला एक स्पष्ट निकष शंभर कार्यशाळांच्या बरोबरीचा असतो, हे येथे मान्य करावे लागते.

बांधकाम संचालनालयात स्थलांतर

काइल १९९७ पर्यंत महिला कार्यालयाच्या प्रमुख होत्या. १९९८ मध्ये शहराच्या बांधकाम संचालनालयात दैनंदिन गरजांना आणि स्त्रियांच्या गरजांना अनुरूप नियोजन व बांधकाम यासाठी एक समन्वय कक्ष निर्माण झाला आणि त्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. बाहेरून पाहणाऱ्याला ही पदाची घसरण वाटू शकते. स्वतंत्र कार्यालयाचे प्रमुखपद सोडून अभियंत्यांनी भरलेल्या खात्यात एका लहान कक्षाचे नेतृत्व स्वीकारायचे, यात प्रतिष्ठेचा लाभ दिसत नाही. पण रस्ते, दिवे, पूल, उद्याने आणि इमारती यांचे तांत्रिक निर्णय ज्या ठिकाणी एकत्र येतात, ते ठिकाण हेच होते. महिला कार्यालयाचे पत्र अभियंत्याकडे दुसऱ्या खात्याचे पत्र म्हणून जात असे, तर समन्वय कक्षाची सूचना त्याच्याच संचालनालयातून येऊ लागली. सरकारी कामकाजाचा ज्यांना अनुभव आहे त्यांना या दोन कागदांतला फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

उद्यानांचे काम हे या काळातील सर्वांत जास्त सांगितले जाणारे उदाहरण. १९९६-९७ च्या सुमारास झालेल्या निरीक्षणांत असे आढळले होते की नऊ-दहा वर्षांच्या पुढे मुलींचे उद्यानात येणे झपाट्याने कमी होते, मुलांचे मात्र होत नाही. मोकळे, सलग मैदान आणि चेंडूच्या खेळासाठी एक जाळीबंद चौकोन अशी रचना असली, की जागेसाठी चढाओढ होते आणि त्या चढाओढीत मुली माघार घेतात. मार्गारेटन प्रभागातील आइन्झीडलर आणि सांक्ट योहान ही दोन उद्याने १९९९ नंतर नव्याने आखण्यात आली. मोठी जागा लहान लहान भागांत विभागली गेली, चालायला वाटा झाल्या, व्हॉलीबॉल व बॅडमिंटनची सोय झाली, प्रकाशयोजना सुधारली. मुली परत आल्या, आणि त्यासाठी मुलांना बाहेर काढावे लागले नाही. पुढे या अनुभवातून शहरातील इतर उद्यानांसाठी आखणीच्या मार्गदर्शक सूचना तयार झाल्या. त्यामुळे ही दोन उद्याने अपवाद म्हणून शिल्लक राहिली नाहीत.

२००२ मध्ये मारियाहिल्फ हा शहराच्या मध्यवर्ती भागातील दाट वस्तीचा प्रभाग लिंगभाव समन्वयासाठी (जेंडर मेनस्ट्रीमिंग, म्हणजे प्रत्येक निर्णयाचा स्त्रिया व पुरुषांवर होणारा परिणाम तपासण्याची पद्धत) पथदर्शी म्हणून निवडला गेला. रस्ते, दिवे आणि वाहतूक यांचे काम पाहणाऱ्या खात्यांना प्रत्येक लहान कामाच्या वेळी त्याचा फायदा कोणत्या वापरकर्त्यांना होतो आणि गैरसोय कोणाची होते याची नोंद करावी लागली. एकूण एक किलोमीटरहून अधिक लांबीचे पदपथ रुंद झाले, सुमारे चाळीस ठिकाणी रस्ता ओलांडण्याच्या जागा सुधारल्या आणि प्रकाशयोजनेची सव्वीस कामे झाली. कामे किरकोळ होती आणि बहुतेक नियमित अंदाजपत्रकातूनच झाली असावीत, असे त्यांच्या स्वरूपावरून वाटते. तरीही फ्लोरिड्सडॉर्फच्या वसाहतीपेक्षा मारियाहिल्फचा प्रयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात सहभागी झालेले बहुसंख्य लोक या विषयाशी पूर्वी काहीही संबंध नसलेले अभियंते होते. पदपथाची रुंदी ठरविताना बाबागाडी आणि चाकाची खुर्ची एकमेकींना ओलांडू शकतील का, हा प्रश्न ज्याने एकदा मोजपट्टी घेऊन सोडवला, तो पुढच्या रस्त्यावरही तोच विचारतो.

आक्षेप

या कामावर घेतला जाणारा गंभीर आक्षेप उपहासाच्या आक्षेपांपेक्षा वेगळा आहे. स्वयंपाकघरातून अंगण दिसण्याची सोय करणे म्हणजे स्वयंपाकघरात स्त्रीच उभी असणार हे गृहीत धरणे नव्हे काय, असा तो आक्षेप आहे. सांभाळण्याचे काम सुकर केले तर ते ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच कायम राहील, ही भीती निराधार म्हणता येत नाही. दुसरीकडे, असमान वाटणी बदलेपर्यंत आज ते काम करणाऱ्यांनी अंधाऱ्या जिन्यांतून ओझी वाहत राहावे, असेही म्हणता येत नाही. व्हिएन्नाच्या कामाचा शब्दसंग्रह कालांतराने स्त्रियांच्या गरजांकडून लिंगभाव, वय, आयुष्याचा टप्पा आणि शारीरिक क्षमता यांच्याकडे सरकला. वृद्ध पुरुष, शाळकरी मुलगा, अपंग व्यक्ती आणि परदेशातून आलेली कामगार स्त्री हे सगळे वापरकर्त्यांचे गट म्हणून तपासले जाऊ लागले. या विस्ताराने आक्षेपाची धार कमी झाली खरी, पण त्याची किंमतही आहे. सर्वांसाठीचे नियोजन अशी भाषा एकदा रूढ झाली, की मोटारीची जागा काढून पदपथाला देताना नेमके कोण गमावतो आणि कोण मिळवतो हा अप्रिय हिशेब मांडणे टाळता येते. १९९१ च्या प्रदर्शनाने तो हिशेब टाळला नव्हता.

कक्षानंतर

समन्वय कक्ष २००९ पर्यंत चालला. त्यानंतर प्रशासनाच्या फेररचनेत स्वतंत्र कक्ष राहिला नाही आणि काइल बांधकाम संचालनालयातच लिंगभावविषयक तज्ज्ञ म्हणून काम करीत राहिल्या. २०१३ मध्ये शहराने नगररचनेतील लिंगभाव समन्वयावर एक हस्तपुस्तिका प्रसिद्ध केली, ज्यात आधीच्या अनेक पथदर्शी प्रकल्पांचा अनुभव कार्यपद्धतीच्या रूपात मांडला आहे. आस्पर्नच्या जुन्या विमानतळाच्या सुमारे २४० हेक्टर जागेवर उभ्या राहत असलेल्या नव्या उपनगरात बहुतांश रस्त्यांना आणि चौकांना स्त्रियांची नावे देण्यात आली आहेत, आणि २०१३ मध्ये, म्हणजे तेथे मोठ्या संख्येने रहिवासी येण्याच्या आधीच, भुयारी रेल्वे तिथवर पोचवली गेली. नावांच्या पाट्यांची चर्चा फार झाली. रेल्वे आधी पोचण्याची त्या मानाने कमी झाली, वास्तविक ज्या घरात एकच मोटार आहे आणि ती सकाळी नवरा घेऊन जातो, त्या घरातील स्त्रीच्या दृष्टीने दुसरी गोष्ट कितीतरी मोठी आहे.

कक्ष बंद होण्याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. विषय सर्व खात्यांत मुरला, म्हणून वेगळ्या कक्षाची गरज उरली नाही, असा एक अर्थ. सगळ्यांची जबाबदारी ही कोणाचीच नसते आणि पाठपुरावा करणारी व्यक्ती निवृत्त झाली की निकष कागदावर राहतात, असा दुसरा. व्हिएन्नातील पुराव्याचा कौल विषयानुसार बदलतो. गृहनिर्माणात निकष अनुदानाला बांधलेले असल्यामुळे माणसे बदलली तरी तपासणी चालू राहते. रस्त्यांच्या बाबतीत अशी कोणतीही आर्थिक अट नाही, तेथे प्रभागातील राजकीय इच्छा आणि खात्यातील अभियंत्याची समज यांवर पुष्कळ अवलंबून राहते, आणि म्हणूनच मारियाहिल्फमध्ये जे झाले ते सर्व तेवीस प्रभागांत सारख्या प्रमाणात झाले, असे म्हणता येत नाही.